नापसंत क्रमांक तीन

पान १ : समस्या (५ गुण)

परीक्षा मंडळाचं म्हणणं असं, की आधी एका माणसाला अडचण येते. मग दुसरा माणूस ती अडचण पाहतो, विचारात पडतो, चार चित्रं काढतो, त्यातली तीन नाकारतो आणि चौथ्यातून वस्तू जन्माला येते. शाळेचं म्हणणं असं, की वस्तू करून आणा, विचाराचं मागाहून बघू.

गुण्याने शाळेचं ऐकलं.

गुण्या म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षातली एक उंच, सरळसोट मुलगी. सुतार जो लोखंडी काटकोन लावून फळीचा कोपरा तपासतो, त्याला गुण्या म्हणतात. चार वर्षांची असताना तिने बाबांच्या दुकानात भर गिऱ्हाइकासमोर एका कपाटाकडे बोट दाखवून "वाकडं आहे" असं जाहीर केलं होतं. कपाट वाकडं निघालं. गिऱ्हाईक गेलं आणि नाव राहिलं.

'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या विषयात तिला शंभरपैकी पंचाहत्तर हवे होते. तेवढे मिळाले तर फर्निचर डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश. चौऱ्याहत्तर मिळाले तर ऑफिस व्यवस्थापन. त्याचा फॉर्म आईने आधीच आणून, भरून, फोटो चिकटवून फ्रिजवर लावून ठेवला होता. आई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळते. माणसं ऐन वेळी कशी घाबरतात, हे तिला रोज बघायला मिळतं. "असू दे गं जवळ," ती म्हणायची. फ्रिज उघडला की फोटोतली गुण्या खऱ्या गुण्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

परीक्षेचा विषय : घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी उपयुक्त वस्तू. वर्गातल्या निम्म्या मुलांना ज्येष्ठ व्यक्ती उसनी आणावी लागली. गुण्याच्या घरात आईचे वडील आयतेच होते. आजोबा म्हणजे निवृत्त लिफ्टमन. चाळीस वर्षं एका नऊ मजली इमारतीत त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. आता ते रोज सकाळी चकचकीत बूट घालून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. तेव्हा बूट घालायला एक बुटकं स्टूल करावं, असं गुण्याने ठरवलं आणि दोन रविवारांत केलं. फिकट घट्ट लाकूड, एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, नुसते सांधे. बाबांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. बाबांच्या दुकानात यापेक्षा मोठं बक्षीस देत नाहीत.

आजोबा त्यावर बसले, बूट घातले, "वा" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर रेडिओ ठेवू लागले.

यावरून कुणीही काहीही ओळखलं नाही.

पान २

(कोरं. इथे विचारप्रक्रियेचा आराखडा येईल. विचार झाल्यावर.)

पान ४, ५, ६ : पर्यायी कल्पना (१५ गुण)

"देखणं आहे," डिझाइनच्या बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. "आणि वही?"

गुण्याने वही पुढे केली. वहीत एक चित्र होतं. स्टुलाचं. मापांसकट.

"बाकीची कुठायत?"

"कुठली बाकीची, बाई?"

"नाकारलेली. तीन तरी हवीत."

"पण मी काही नाकारलंच नाही. पहिल्यांदाच बरोबर आलं."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बाहेर बोलू नकोस. पहिल्यांदाच बरोबर आलं म्हणजे तू विचार केला नाहीस. वस्तूला वीस गुण आहेत, लेखीला वीस आणि वहीला साठ. तुझ्या वहीत एकही चूक नाही गं. मी गुण देऊ कशाला?"

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्याकडे चौतीस मुलं होती आणि बावीस वर्षांचा अनुभव होता. अनुभवाने त्यांनी एक पद्धत बसवली होती. सुरुवातीची पानं पेन्सिलीने, म्हणजे चाचपडणं दिसतं. कडांवरून पॉलिश पेपरचा एक हलका हात, म्हणजे वही वर्षभर हाताळलेली दिसते. पाचव्या-सहाव्या पानावर कपाचा एक गोल डाग. दोन केले तर संशय येतो. आणि प्रत्येक पानाखाली बाईंची सही, मागच्या तारखेने. तारखांसाठी त्यांच्याकडे वेगळं कॅलेंडर होतं. एका वर्षी एका मुलाने भर सुट्टीच्या दिवशी शाळेत विचार केल्याचं बाहेरच्या परीक्षकांनी पकडलं होतं, तेव्हापासून बाई हात राखून तारखा टाकायच्या.

"सोमवारपर्यंत तीन वाईट कल्पना आण," बाई म्हणाल्या. "आणि एकीचा खराखुरा नमुना. आणि जरा मनापासून वाईट असू देत."

गुण्या थेट दुकानात गेली.

"बाबा, एक वाईट स्टूल काढून द्या ना."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. "कसं वाईट?"

"कसंही. मोडणारं, डुगडुगणारं. मग मी ते नाकारणार."

बाबांनी फळीच्या तुकड्यावर तीन पायांचं एक स्टूल काढलं. थोडा वेळ पाहिलं. मग एक आडवी पट्टी वाढवली.

"ही कशाला?"

"अगं, इथून मोडेल ना ते."

"मोडू द्या ना! तेच कारण लिहायचंय मला."

"माझ्या हातून?" बाबा म्हणाले.

तासाभरात त्यांनी तीन स्टुलं काढली. तिन्ही गुण्याच्या स्टुलापेक्षा सरस. तिसरं काढून झाल्यावर तर त्यांना स्वतःलाच हुरूप आला आणि ते लाकूड शोधायला लागले. गुण्याने कपाळाला हात लावला. घराण्याची अडचण अशी, की वाईट काम करणारं माणूस बापाच्या बाजूला एकही नव्हतं.

आईच्या बाजूला होतं.

आईचा धाकटा भाऊ विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात शोध लावायचा. घरात त्याला पेटंटमामा म्हणत. त्याने आजवर पावसात आपोआप मिटणारी छत्री केली होती, ती मिटायची आणि माणूस भिजायचा. त्याने केलेल्या उंदराच्या सापळ्यात दोनदा तो स्वतःच अडकला होता. त्याच्या शोधांबद्दल घरात कुणी विचारायचं नाही, असा आईचा नियम होता. गुण्याने तो मोडला.

"मामा, आजोबांना बूट घालायला काही सुचतंय का?"

फोनवर पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "तू मला विचारतेयस?" मामा म्हणाला. "म्हणजे, परीक्षेसाठी? खरं?"

"खरं," गुण्या म्हणाली. आणि इथे तिला जी काही बोचणी लागायची ती लागली, पण पंधरा गुणांपुढे तिने ती गिळली.

मामा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागदांची गुंडाळी घेऊन हजर झाला.

कल्पना पहिली : छताला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला खुर्ची. आजोबांनी खुर्चीत बसायचं, कुणीतरी दोर ओढायचा, बूट जमिनीवरच राहतील आणि आजोबा वरून त्यांत उतरतील.

"लिफ्टसारखं!" मामा म्हणाला. "त्यांना सवय आहे."

"त्यांना आतून चालवायची सवय आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

कल्पना दुसरी : पडद्याचा दांडा, स्प्रिंग आणि मोठा चमचा यांचं एक यंत्र. कळ दाबली की चमचा टाचेमागे शिरतो. आईने तिथल्या तिथे आपला चमचा ओळखला.

कल्पना तिसरी मामाने चित्रात आणलीच नव्हती. "ती गाडीत आहे," तो म्हणाला. "सकाळीच केली."

ती दोघांनी मिळून उचलून आणावी लागली. खाली एक रुंद जाड फळी, फळीवर पालथं लाकडी खोकं आणि खोक्याच्या शेजारी फळीत घुसवलेला, कमरेच्याही वर जाणारा पिवळाधमक लोखंडी दांडा. भंगारातल्या एका बसचा. दांड्याला कुण्या एका प्रवाशाचं च्युइंगगम अजून चिकटलेलं होतं. स्क्रू मोजून एकोणीस, त्यांतले सात तिरके.

बाबांनी दांड्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला आत गेले.

"कसं आहे?" मामाने विचारलं.

"पाहिजे होतं अगदी तसं," गुण्या म्हणाली.

पान ३ : वापरणाऱ्या व्यक्तीची मुलाखत (५ गुण)

(सहाव्या पानानंतर लिहिलं. पेन्सिलीने. बाईंच्या सहीची तारीख तीन महिने आधीची.)

प्रश्न : आपल्याला कोणती अडचण जाणवते?
उत्तर : बूट घालताना फार वाकावं लागतं.
प्रश्न : आपल्याला कशी वस्तू आवडेल?
उत्तर : साधी, सुबक, लाकडी, बुटकी.
प्रश्न : उंची किती असावी?
उत्तर : छत्तीस सेंटीमीटर.

हे सगळं गुण्याने दुपारी जेवल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. आजोबा समोरच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना त्रास द्यायला नको म्हणून तिने विचारलं नाही.

पान ७ ते १४

मापं, साहित्य, सांध्यांचं चित्र, सुरक्षेची काळजी. मागे पाचव्या पानावर कपाचा डाग. नाकारलेल्या तीन कल्पनांसमोर लाल शाईने 'नापसंत' आणि खाली कारण. तिसरीचं कारण असं : 'दिसायला अत्यंत वाईट. जड. दांडा अनावश्यक.' नमुन्याच्या दांड्याला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला : 'नापसंत क्र. ३.' मामा तेव्हा घरी नव्हता. असता तरी पुठ्ठा भिंतीकडे वळवून ठेवलेला होता.

वही झाली. इतकी सुरेख, चाचपडती, वर्षभर विचार करून थकलेली वही बाईंनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी चौदा सह्या एका बैठकीत केल्या.

पान १५ : चाचणी (५ गुण)

हे पान सोमवारी लिहून झालं होतं. 'आजोबा स्टूल रोज वापरतात व समाधानी आहेत.'

गुरुवारी सकाळी गुण्याला शाळेत उशिरा जायचं होतं, म्हणून ती घरी होती आणि म्हणून तिने पाहिलं. आजोबा बूट घेऊन दाराशी आले. तिच्या स्टुलावर रेडिओ होता. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते मामाच्या खोक्यावर बसले, बूट चढवले, नाड्या बांधल्या. एका हाताने पिवळा दांडा धरला. मग दुसऱ्या हातानेही धरला. आणि उठले.

"पुढचा स्टॉप कोपरा," ते स्वतःशीच म्हणाले आणि बाहेर पडले.

गुण्याच्या आत्ता लक्षात आलं. बूट घालणं हा प्रश्न नव्हताच. बूट आजोबा कुठेही बसून घालायचे. प्रश्न त्यानंतरचा होता. छत्तीस सेंटीमीटर म्हणजे उतरायला छान उंची. तिथून गुडघ्यांनी माणसाला वर आणायचं म्हणजे नववा मजला. इतके दिवस ते काय करत होते? जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून कठडा धरत असणार, कुणी बघत नसताना. चाळीस वर्षं सगळ्या इमारतीला वर नेलेला माणूस "मला उठता येत नाही" असं नातीला कशाला सांगेल? आणि विचारलं होतं कुणी?

शुक्रवारी तिने बाईंना गाठलं.

"बाई, आजोबा नापसंतवालं वापरतायत."

"मग?"

"म्हणजे आपलं चुकलंय. ते स्टूल…"

"हे बघ," बाई म्हणाल्या, "आजोबांना पास करायचंय का तुला?" मग जरा मऊ झाल्या. "उद्या तोंडी आहे. चौदा पानांवर माझ्या सह्या आहेत. पंचाहत्तर हवेत ना तुला? मग गप बस. परीक्षक दहा मिनिटं थांबतात. सगळ्यांचीच वही अशी असते गं."

घरी आल्यावर गुण्याने पाणी प्यायला फ्रिज उघडला. फोटोतली मुलगी तयारच होती. गुण्याने ठरवलं, गप बसायचं.

तोंडी परीक्षा

शनिवारी दुपारी शाळेच्या कार्यशाळेत चौतीस वस्तू, चौतीस वह्या आणि बरेच अवघडलेले ज्येष्ठ. मामाने गाडीतून सगळं आणलं होतं : आजोबा, स्टूल आणि पिवळा दांडा. "माझाही नमुना लागतोच ना?" असं तो वाटेत तीनदा म्हणाला होता. बाबा दुकान बंद करून आले होते आणि हाताला काय करावं ते न कळून भिंतीला टेकले होते.

बाहेरचे परीक्षक जाड चष्म्याचे, बारीक अंगाचे गृहस्थ होते. त्यांनी वही चाळली, पाचव्या पानावरचा कपाचा डाग नखाने हळूच खरवडला आणि पुढचं पान उलटलं. स्टूल पाहून मात्र ते थांबले. "सांधे तुझेच?"

"हो, सर."

"उत्तम आहेत." त्यांनी आजोबांकडे वळून हात पुढे केला. "बसून दाखवता?"

आजोबा बसले. बूट काढले, बूट घातले, नाड्या बांधल्या. "फार सोय झाली हो," ते म्हणाले. "आमची नात हुशार आहे."

"छान. आता उठा."

आजोबा हसले. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, पुढे झुकले आणि परत मागे आले. "एक मिनिट हं, नाडी सुटली." नाडी सुटली नव्हती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली. परत झुकले. मानेवरची शीर फुगली. स्टूल तसूभर सरकलं, आणि ते पुन्हा टेकले. "दुसरीही बघतो," ते म्हणाले. "बांधतोच नीट. परीक्षा आहे."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी गुण्याकडे पाहिलं. आजोबा तिसऱ्यांदा पाय मागे घेत होते आणि या वेळी ते उठणार होते, पडले तरी उठणार होते, कारण नातीचे गुण होते.

"उठू नका!" गुण्या म्हणाली. तिचा आवाज कार्यशाळेभर गेला. "आजोबा, बसा. सर, त्यावरून उठता येत नाही."

"काय?"

"बसता येतं. उठता येत नाही. मी विचारलंच नव्हतं त्यांना."

बाईंनी डोळे मिटले.

गुण्याने कोपऱ्यातून नमुना ओढला. जड होता, फळी फरशीवर करकरली. भिंतीकडचा पुठ्ठा गर्रकन फिरून लोकांकडे झाला. तिने तो आजोबांच्या पुढ्यात आणला. त्यांनी दांडा धरला, एका हाताने, मग दोन्ही हातांनी, आणि उभे राहिले. चेहरा असा, की जणू मधलं काही घडलंच नाही.

"नापसंत?" मामा म्हणाला. तो पुठ्ठा वाचत होता. "हे कुणी लिहिलंय?"

"मी," गुण्या म्हणाली.

"दिसायला अत्यंत…" मामा वहीतून पुढचं वाचायला लागला आणि थांबला. विमा विकणाऱ्या माणसाला 'नाही' ऐकायची सवय असते, पण हे त्याने आपल्या चेहऱ्यावर कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"मामा, मी तुला वाईट कल्पनांसाठीच विचारलं होतं. तीन वाईट हव्या होत्या."

"आणि मी दिल्या?"

"दोन दिल्यास."

मामाने पुठ्ठ्याचा दोरा सोडला. "कप्पीवाली पण वाईट?"

"कप्पीवाली फार वाईट," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात भिंतीला टेकलेले बाबा सरळ झाले. ते पुढे आले, उकिडवे बसले आणि खालच्या फळीला हात लावून बघू लागले. "कलंडत कसं नाही हे? आजोबांचे पाय याच फळीवर आहेत. म्हणजे त्यांचंच वजन त्याला दाबून धरतंय." त्यांनी मान वर केली. "पेटंट, हे तू मुद्दाम केलंस?"

"नाही," मामा म्हणाला. "तेवढी एकच फळी होती, दाजी."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "मुली, तुझी वही काय सांगते आणि इथे काय दिसतंय, याचा मेळ नाही. मी गुण कशाला देऊ?"

"वहीत आधी उत्तर लिहिलंय, सर. प्रश्न आत्ता मिळालाय."

"शेवटचं पान कोरं आहे," परीक्षक म्हणाले. "मूल्यमापनाचं. वीस मिनिटं आहेत. पेनाने लिही. आणि तारीख आजची घाल." एवढं बोलून ते बाईंकडे वळले. "आम्हीही वह्या कॉफीतच जुन्या करायचो. पण डाग उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडे पडतो, बाई."

पान १६ : मूल्यमापन (१० गुण)

स्टूल चांगलं झालं आहे, पण ते माझ्या आजोबांसाठी नाही. ते कुणासाठी आहे ते मला माहीत नाही. तिसरं पान मी स्वतःच लिहिलं. आजोबा तेव्हा समोर बसले होते. पंधरावंही खोटं आहे. 'दांडा अनावश्यक' हे मी खोडत आहे. दांडा माझ्या मामाचा आहे.

(इथे वेळ संपली.)

निकाल

वस्तू : वीसपैकी बारा. मुलाखत : शून्य. चाचणी : शून्य. मूल्यमापन : दहापैकी दहा. पर्यायी कल्पना : पंधरापैकी पंधरा. वहीतलं बाकीचं आणि लेखी धरून एकूण एकोणऐंशी. गुण्याने फ्रिजवरचा फॉर्म काढला. आईने तो घडी करून कपाटात ठेवला, फेकला नाही.

पर्यायी कल्पनांचे पंधरा गुण मामाने आपल्या नावावर धरले. विमा घ्यायला तयार असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येक माणसाला त्याने सांगितलं, की परीक्षा मंडळाने त्याला पैकीच्या पैकी दिले. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. शाळेत पुढच्या वर्षासाठी बाईंनी पद्धतीत सुधारणा केली : कपाचा डाग उजवीकडे.

आणि दुकानात एका दुपारी ते फिकट, बिनखिळ्याचं, देखणं स्टूल उलटं ठेवलेलं होतं. बाजूला जाड फळी, एक लाकडी दांडा आणि ड्रिल. बाबांनी ड्रिल उचललं, सांध्यापासून दोन बोटांवर टेकवलं, आणि खाली ठेवलं.

"पाडू भोक?"

"पाडा, बाबा."

"इथे?"

गुण्या बोलणार होती. तिच्या हातात मापांचा कागदही होता. तिने तो खिशात घातला आणि दाराशी मामाच्या खोक्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळली.

"आजोबा, उठताना तुम्हाला हात नक्की कुठे लागतो?"

आजोबांनी रेडिओ बंद केला. "जावईबापू, ते बाजूला ठेवा जरा," ते म्हणाले. "मला दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत."